डागवालीचा चेहरा

सकाळी धुकं इतकं दाट होतं की तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरचे पायसुद्धा दिसत नव्हते. एरवी त्या खिडकीतून फक्त पायच दिसायचे. बूट, चपला, एखादी टाचेची सँडल, सायकलचं चाक. आज बाहेर धुक्यानं पांढरं, आत वाफेनं पांढरं आणि मधे एक काच. हॉटेलच्या धुलाईखात्यात साडेसातलाच सगळे दिवे लावावे लागले.

डागवालीनं टेबलावर पहिला गाऊन पसरला आणि तिचा हात थबकला.

अंघोळ झाल्यावर पाहुणे अंगात घालतात ते जाड टॉवेलचे गाऊन. असे सहा काल संध्याकाळी दोन नंबरच्या मशीनमधून निघाले आणि इस्त्रीवाल्या मामांनी ते तिच्या टेबलावर आणून टाकले होते. धुतलेल्या कपड्यावर डाग उरला तर तो हिच्याकडे यायचा. सहाही गाऊनांवर कुणीतरी मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके. विटकरीकडे झुकणारा गुलाबी रंग. तिनं एक ठिपका नखानं खरवडला, चिमटीत चोळला, वास घेतला. मेण होतं. म्हणजे ओठांना लावायचा रंग.

ओठांचा रंग उशीवर येतो, टॉवेलवर येतो, फार तर गाऊनच्या कॉलरवर. हा पाठीवर होता. एकावर तर पार खालच्या शिवणीपाशी.

“मामा, पोटरीनं कोण ओठ पुसतं हो?”

“पैसेवाल्यांचं काही सांगू नकोस बाई,” मामा इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाले. “परवा एकानं बूट पुसायला उशीचा अभ्रा घेतला होता.”

ती हसली, पण मनातून तो पोटरीचा ठिपका गेला नाही. चौदा वर्षं डाग काढून तिला एक कळलं होतं, डागाबद्दल माणूस कधीच खरं बोलत नाही. चहा म्हणून सांगतात, निघतो केसांचा कलप. शाई म्हणतात आणि निघतं भलतंच. म्हणून डाग दिसला की तिच्या कपाळाला आधी आठी पडायची आणि मग हात हलायचा.

तिनं गाऊनांच्या पट्ट्यांच्या गाठी सोडल्या. ती गाठ म्हणजे तिची आणि तिच्या नणंदेची खूण होती. नणंद ह्याच हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आवरायची. गाऊन खाली टाकण्याआधी त्याचे खिसे बघायचे आणि पट्ट्याला गाठ मारायची. गाठ दिसली की खाली हिनं खिशात हात घालायचा नाही, गाऊन थेट मशीनमध्ये. नियमाप्रमाणे खिसे दोघींनीही बघायचे होते, पण दिवसाला साठ-सत्तर गाऊन आणि दोन-दोन खिसे कोण उपसत बसणार? पाच वर्षांत ती गाठ कधी खोटी निघाली नव्हती.

पांढरा फडका खाली, वरून स्पिरिटचा बोळा. डाग बाहेरून आत टिपायचा, घासायचा नाही, आणि कड उरू द्यायची नाही. साडेनऊपर्यंत सहाही गाऊन शुभ्र झाले आणि फडका मात्र गुलाबी ठिपक्यांनी भरला. तिनं तो टेबलाच्या कडेवर टाकला.

तिचं वय सेहेचाळीस. नवरा शाळेची बस चालवायचा, मुलगी कॉलेजात. ती नणंद, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, हिच्या वन्सं, त्यांच्याचकडे राहायच्या. दोन खोल्या, चार माणसं आणि एक आरसा, तोही मोरीच्या दाराला टांगलेला. धुलाईखात्यात तिला आधी सगळे डागवालीच म्हणायचे. गेल्या वर्षापासून ‘बाईसाहेब’ म्हणायला लागले, तेही जरा नाक मुरडूनच.

त्याचं झालं असं. मुलीच्या एका दाखल्यासाठी ती एका कचेरीत गेली होती. तीन तास भिंतीला टेकून उभी. कारकून तिच्याकडे खांबाकडे बघावं तसा बघायचा. तेवढ्यात एक बाई आली. अंगावर दागिना नाही, साडी साधी, पण केस असे बसलेले की जणू आत्ता इस्त्री फिरवलीय, आणि चेहरा नितळ. कारकून उठून उभा राहिला. “या ना मॅडम, बसा.” त्या बाईचं काम दहा मिनिटांत झालं.

परतताना डागवालीच्या मनात राग नव्हता, शंका होती. ह्या बाईनं केलंय काय नेमकं? काहीतरी केलंय, पण दिसत नाहीये.

आणि मग तिच्या लक्षात आलं की ह्याचं उत्तर तर चौदा वर्षं आपल्या टेबलावर पडतंय.

तिला पाहुण्यांचे चेहरे माहीत नव्हते, उशा माहीत होत्या. साध्या खोल्यांतल्या हौशी बायकांच्या उशीवर सकाळी अख्खा चेहरा उतरलेला असायचा. भुवया, गाल, ओठ, सगळं जागच्या जागी, नुसते कान जोडायचे बाकी. आणि वरच्या मजल्यांवरच्या, ज्यांची पेटी दुसरंच कुणी उचलून नेतं अशा बायकांच्या उशा जवळजवळ कोऱ्या. केस टेकले तिथं तेलाची एक पुसट चंद्रकोर. टॉवेलच्या कोपऱ्यावर ओठांची एक रेघ, ओठांच्याच रंगाची. एवढंच. म्हणजे त्या जास्त लावत नव्हत्याच. जिथं खोट आहे तिथंच बोट आणि बाकीच्या कापडाला हात नाही. तिचाच धंदा की हा!

त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या तोंडाकडे डाग पडलेल्या कपड्यासारखं बघायला सुरुवात केली. डोळ्याखालचं काळं, नाकाच्या बाजूचा लालसर पट्टा, हनुवटीवरचा जुना व्रण. तेवढ्याच तीन जागी जरासं काहीतरी आणि कडा बोटानं अशा विरवायच्या की कुठं सुरू झालं ते कळू नये. केसांना तेल दोन थेंब, तेही तळहातावर चोळून फक्त खालच्या निम्म्याला. रात्री जुन्या साटनच्या परकराचा तुकडा डोक्याला. सकाळी ओलसर केसांचा सरळ भांग, मानेशी घट्ट अंबाडा आणि भांगाशी उभे राहणारे चुकार केस जुन्या टूथब्रशनं बसवायचे. निळ्या एप्रनची कॉलर रोज स्वतः कडक इस्त्री करायची.

महिन्याभरात लोक बघायला लागले. बघणं ठीक होतं. मागोमाग विचारणं सुरू झालं.

“कुठून आणतेस गं?” “काय लावतेस?” “कुणी देतं का आणून?”

नवऱ्यानं तर एकदा जेवता जेवता विचारलं, “कुणी बघायला येणार आहे का तुला?” आणि पुढचा आठवडाभर बसचा मागचा आरसा घरात लावल्यासारखी तिच्यावर नजर ठेवून होता. वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं जास्त बोचायचं. डागवाली आरशासमोर उभी राहिली की त्या हटकून मोरीत हात धुवायला यायच्या.

दहा वाजले असतील. जिन्यावर पावलं वाजली, आणि पाठोपाठ ती बारीक शिट्टी. धुलाईखात्याच्या सुपरवायझर बाईंना राग आला की त्यांच्या नाकातून शीळ वाजायची, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. आज शीळ जिन्याच्या वरच्या पायरीपासूनच चालू होती.

“तीनशे बाराच्या बाईंची वस्तू गेलीय,” त्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. “ओठांच्या रंगाची नळी. सोन्याच्या पाण्याची, वर वेलबुट्टी कोरलेली. त्यांच्या आईची आठवण आहे. दुपारी एकला त्यांची गाडी आहे. तोपर्यंत मिळाली तर बरं.”

“आणि नाही मिळाली तर?” मामांनी विचारलं.

शिट्टीबाईंनी मामांकडे बघितलंच नाही. त्या डागवालीकडे बघत होत्या. तिच्या भांगापासून कॉलरपर्यंत, सावकाश.

“परवा तीनशे बाराचा टॉवेल हातात धरून तू काय म्हणालीस? मी मागंच उभी होते.”

डागवालीला आठवलं. ती म्हणाली होती. ओठांची ती नाजूक रेघ बघून, अगदी सहज, ‘अस्साच रंग हवा होता मला.’

“बाई, ते मी रंगाबद्दल—”

“रंगच गेलाय ना? मॅनेजरसाहेब येतायत खाली. कुणी जागेवरून हलायचं नाही.” त्या गेल्या. शीळ जिन्यावरून वर वर जात विरली.

दोन नंबरचं मशीन घरघरत होतं. तेवढ्यात माल उतरवायच्या लिफ्टचं दार उघडलं आणि चादरींचा ढीग ढकलत वन्सं आल्या. डावा हात गाडीवर, उजवा एप्रनच्या खिशात.

“ऐकलंस?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“ऐकलं. तीनशे बारा तुम्हीच आवरता ना?”

“मीच आवरते. म्हणून काय?”

“काही नाही. विचारलं.”

“तू विचारतेस होय? अगं, मी काय म्हणते,” वन्संनी मागंपुढं बघितलं, “घेतली असलीस तर आत्ता दे. मी वर जाऊन पलंगाखाली सापडली म्हणून सांगते. घरातलं घरात राहील.”

“तुम्हाला वाटतं मी घेतली?”

“मला कशाला काय वाटेल! पण तुझ्या तोंडावर रोज जे दिसतं ते काय नळाच्या पाण्यानं येतं?”

“आणि तुमचा हात खिशात का आहे मघापासून?”

वन्संनी हात पटकन बाहेर काढला. रिकामा होता. पण खिसा तसाच टोकदार उचललेला राहिला. आत काहीतरी होतं, बोटाएवढं, नळीसारखं. दोघींची नजरानजर झाली. एका ताटात जेवलेल्या, वीस वर्षं एका मोरीत कपडे धुतलेल्या दोन बायका, पण त्या क्षणी एकमेकींकडे बाजारातल्या अनोळखी बायकांसारख्या बघत होत्या.

मॅनेजर साहेब खाली आले ते शिट्टीबाईंना घेऊनच. साहेब तिशीतले, केसांना इतकं जेल की डोक्यावर काळी वाटी पालथी घातल्यासारखी.

“हे बघा, मी कुणावर आरोप करत नाहीये,” ते म्हणाले.

“मग काय करताय, साहेब?” डागवालीनं विचारलं.

“विचारतोय.”

“विचारा की.”

साहेबांना काय विचारावं सुचेना. शिट्टीबाईंना सुचलं. “कप्पा उघड.”

तिनं आपला कप्पा उघडला. त्यात सापडलं ते टेबलावर मांडलं गेलं. दाते झिजलेला कंगवा. दोन टूथब्रश, एक डागांचा आणि एक केसांचा. भुवया कोरायच्या तपकिरी पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा. पेट्रोलियम जेलीची चपटी डबी. तेलाची बाटली, तळाशी बोटभर तेल. डोळ्याखाली लावायच्या क्रीमची पिळून चप्पट झालेली ट्यूब, कोपऱ्यावरच्या दुकानातली. चार काटे.

“बाकीचं कुठंय?” शिट्टीबाई म्हणाल्या.

“एवढंच आहे.”

“एवढ्यानं हे होत नाही.”

“होतं.”

“साहेब, मी बाई आहे, मला कळतं. डबा आमच्यासारखाच, घर आमच्यासारखंच, आणि तोंड बघा, गाडीतून उतरल्यासारखं. ह्याला वस्तू लागतात. भारी वस्तू.” शीळ थांबली. त्यांना कल्पना सुचली होती. “धू तोंड. सोड केस. आणि कर आमच्यासमोर. ह्याच सामानात.”

“बाई, हे जरा—” साहेब म्हणाले.

“जरा काही नाही. ती म्हणते ना होतं, मग दाखवू दे. नाही झालं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणावं.”

साहेब ‘नको’ म्हणाले नाहीत.

चौदा वर्षांचं टेबल, त्या खिडकीखालचं. डागवालीनं एकदा टेबलाकडे बघितलं आणि मग ती नळाशी गेली. हौदाच्या कडेवर कपड्यांचाच साबण होता. तिनं त्यानं तोंड धुतलं, दोनदा. काटे काढले, केस सोडले. वळून उभी राहिली तेव्हा डोळ्याखालचं काळं, नाकाजवळचा लाल पट्टा, हनुवटीवरचा व्रण सगळं सगळ्यांसमोर होतं. इस्त्रीवाल्या मामांनी उगाचच पाठ फिरवून एक घडी पुन्हा घातली.

तिनं पॉलिश केलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये बघून सुरुवात केली. हाताला काम ओळखीचं होतं. केसांवर ओला हात, कंगवा टोकाकडून वर, तेल तळहातावर. भांग एका ओढीत. अंबाडा, चार काटे. ब्रशला जेलीचा नुसता स्पर्श आणि चुकार केस खाली. ट्यूब पिळून निघालं ते तीन ठिकाणी. कडा विरवायला अनामिका, कारण त्या बोटाला जोर कमी. पेन्सिल पापण्यांच्या मुळाशी, लगेच बोटानं पुसट. तीच पेन्सिल ओठांवर, वर जेली. त्याच बोटावर उरलेलं गालांवर, इतकं कमी की बघणाऱ्याला वाटावं ही नुकती जिना चढून आली. भुवया वरच्या दिशेनं. शेवटी कॉलर ताठ.

मशीनवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

“अरेच्चा,” साहेब म्हणाले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला आणि परत आला.

शिट्टीबाई मात्र पुढं सरकल्या. नाक तिच्या तोंडाजवळ आणून म्हणाल्या, “ओठांचा रंग पेन्सिलीचा नाही हा. हातात काहीतरी लपवलंय हिनं.”

“नाही बाई.” डागवालीनं कडेवरचा पांढरा फडका उचलला, त्यावर ओठ टिपले आणि पुढं धरला. “हे बघा. तपकिरी आहे.”

शिट्टीबाईंनी फडका हिसकावला. त्यांची शीळ अशी निघाली की मामांनी इस्त्री बाजूला ठेवली.

“आणि हे काय? साहेब, हे बघा! विटकरी-गुलाबी! तीनशे बाराचाच रंग, हिच्याच फडक्यावर! सबंध फडका भरलाय!”

सकाळचा फडका होता तो.

“ते गाऊनांवरचं आहे,” डागवाली म्हणाली. “सकाळी सहा गाऊन होते, ठिपक्यांचे.”

“कुठं आहेत?”

तिनं वळून बघितलं. कडेच्या फळीवर सहा गाऊन घडी घालून ठेवलेले, दुधासारखे. एकावरही ठिपका म्हणून नव्हता. आपला साक्षीदार तिनं आपल्याच हातानं, स्पिरिटनं, बाहेरून आत टिपून काढला होता.

“मी बघितले ठिपके,” मामा म्हणाले. “पार पोटरीपर्यंत होते.”

“तुम्ही हिचीच बाजू घेणार.”

पोटरी. डागवालीच्या डोक्यात तो शब्द अडकला. ओठ पोटरीला लागत नाहीत. सहा खोल्यांतल्या सहा बायकांनी एकाच दिवशी एकच रंग पाठीला पुसला नव्हता. रंग खोलीत लागलेलाच नव्हता. तो गरम पाण्यात वितळला होता आणि मशीन फिरेल तसा उडाला होता. म्हणजे नळी मशीनमध्ये होती. म्हणजे खिशात होती. म्हणजे गाठ—

तिनं वन्संकडे बघितलं. वन्सं आधीच तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडला होता. दोघींना एकदमच कळलं होतं.

आता बोललं तर आपलं टेबल वाचतं. बोललं तर वन्संची गाठ उघडी पडते, आणि खोली आवरणारीनं खिसा न बघता गाठ मारली म्हटल्यावर शिट्टीबाई तिला एक दिवस ठेवायच्या नाहीत. न बोललं तर आपण चोर. एकला पाहुणी जाईल, दोनला आपण. आणि घरी? घरी मोरीच्या दारावरचा तो आरसा, आणि शेजारी हात धुणाऱ्या वन्सं, जन्मभर.

“दोन नंबरचं मशीन थांबायला किती वेळ आहे, मामा?” तिनं विचारलं.

“सहा मिनिटं.”

“थांबलं की दाराच्या रबराची घडी बघा. बारीकसारीक वस्तू तिथंच अडकते.”

सहा मिनिटं. पाचजण त्या गोल काचेसमोर उभे, आत टॉवेल आपटतायत. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. शिट्टीबाईंनी फडका पुराव्यासारखा मुठीत धरला होता. मशीन थांबलं, कुलूप खट्ट वाजलं. मामांनी दार उघडून रबराच्या खालच्या घडीत बोट घातलं, फिरवलं. एक बटण निघालं. ओल्या धाग्यांचा गोळा निघाला. मग मामांचं बोट अडलं.

नळी निघाली. टोपण वेगळं, नळी वेगळी, आतला रंग पार धुऊन गेलेला. पण वेलबुट्टी जशीच्या तशी.

“हं,” साहेब म्हणाले. मग त्यांना साहेबपणा आठवला. “ही मशीनमध्ये गेली कशी? खिसे कोण तपासतं?”

“मी,” वन्सं म्हणाल्या. “वर मी बघते. काल पाच खोल्या एकदम रिकाम्या झाल्या होत्या, घाईत गाठ—”

“आणि खाली मी,” डागवाली मधेच म्हणाली. “नियम दोघींनी बघायचा आहे. आम्ही खूण ठरवली होती पट्ट्याच्या गाठीची. गाठ दिसली की मी खिसा बघत नव्हते. पाच वर्षं. त्यांनी बघितला नाही तशी मीही नाही. एकीला काढायचं तर दोघींना काढा.”

शिट्टीबाईंची शीळ वाजली नाही. बहुतेक कुठल्या बाजूनं वाजवावी ते ठरत नव्हतं.

“पाच वर्षं?” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या नाकाखाली?”

मामा खोकले. नाक हा विषय तिथं जपूनच निघायचा.

साहेबांनी नळी रुमालात गुंडाळली. “दोघींना लेखी ताकीद. गाठबीठ आजपासून बंद. आणि तुम्ही चला माझ्याबरोबर वर. कशी सापडली ते तुम्हीच सांगा त्यांना, मला तो रबराचा भाग नीट सांगता येणार नाही.”

वरच्या दालनात तीनशे बाराची बाई पेटीजवळ उभी होती. साठीची, बारीक अंगाची, केसांत एकही बट इकडची तिकडं नाही. डागवालीला ती तिच्या उशीवरून जशी वाटली होती अगदी तशीच. चेहऱ्यावर काही लावलंय का ते शोधायला तिलाही क्षणभर लागला. मग दिसलं, नाकाच्या बाजूला, दोन्हीकडे. छान विरवलेलं.

बाईंनी नळी दोन्ही हातांत घेतली, टोपण लावून बघितलं. ते बसलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

“रंग गेला, बाई,” डागवाली म्हणाली.

“रंग मिळतो. ही मिळाली नसती.” त्यांनी मान वर केली आणि साहेबांना सोडून सरळ तिच्याशी बोलायला लागल्या. “तुमचे फार आभार. मॅनेजर तुम्ही ना? ह्या मुलाला मघापासून काही सुचतच नव्हतं.”

साहेबांच्या जेलवरून दिव्याचा उजेड घसरला. डागवालीनं एप्रनच्या कडेला हात पुसले.

“नाही. मी खाली डाग काढते.”

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, भांगापासून कॉलरपर्यंत, सावकाश. शिट्टीबाई जसं बघत होत्या तसंच, फक्त ह्यांना उत्तर सापडलं. त्या जराशा हसल्या. “दिसतंय,” एवढंच म्हणाल्या, आणि गाडी आली.

जेवणाच्या सुट्टीत डागवाली खाली आली तेव्हा धुकं विरलं होतं आणि खिडकीत पुन्हा पाय दिसत होते. तिच्या टेबलावर गाऊनांचा नवा ढीग. भिंतीवर शिट्टीबाईंच्या अक्षरात कागद लागलेला, ‘प्रत्येक खिसा उलटा करून बघणे. खूण चालणार नाही.’ शिट्टीबाई स्वतः कोपऱ्यात तिच्या कप्प्यासमोर होत्या. तिला बघून त्यांनी जेलीची डबी खाली ठेवली.

“ह्यात अजून काहीतरी घालतेस तू,” त्या म्हणाल्या. “कळेल मला एक दिवस.” आणि गेल्या.

वन्सं ढिगाच्या पलीकडे बसल्या होत्या. दोघींनी डबे उघडले. दोघी जेवायला लागल्या.

“तुला खरंच वाटलं मी घेतली?” वन्संनी विचारलं.

“तुम्हाला वाटलं ना मी घेतली?”

“वाटलं.”

“मलाही वाटलं. तुमच्या खिशात काय होतं मग?”

वन्संनी खिशात हात घातला, इकडं तिकडं बघितलं आणि मूठ टेबलाखालून पुढं केली. तपकिरी पेन्सिल होती. कोरी, टोकसुद्धा न काढलेली.

“महिना झाला घेऊन,” त्या म्हणाल्या. “तू आरशासमोर असलीस की मी बघायला यायचे, कशी लावतेस ते. पण तू इतकी भरभर करतेस, काही कळू देत नाहीस मेली.”

“विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

डागवालीनं विचार केला. “नसतं बहुतेक.”

“बघ,” वन्सं म्हणाल्या आणि डबा बंद केला. “उद्या सकाळी. पण खरं सांग, ट्यूब कुठल्या दुकानातली आहे ते खोटं सांगू नकोस.”

“कोपऱ्यावरचंच दुकान आहे.”

“हो, हो,” वन्सं म्हणाल्या, म्हणजे पटलेलं नव्हतं. त्या गाडी ढकलत लिफ्टकडे गेल्या.

डागवालीनं ढिगातला पहिला गाऊन ओढला. पट्टा सुटा होता, गाठ नव्हती. तिनं उजवा खिसा उलटा केला, झटकला. कागदी रुमाल. डावा उलटा केला. काही नाही. दुसऱ्या गाऊनात दात कोरायची काडी, तिसऱ्यात चुरगळलेली पावती. मामांनी दोन नंबरचं दार उघडून धरलं होतं आणि वाट बघत होते.

“गाठ असती तर आतापर्यंत भरलं असतं मशीन,” ते म्हणाले.

“असती तर,” ती म्हणाली आणि चौथ्या गाऊनच्या उजव्या खिशात हात घातला.